दुपारची लाईट

मामांच्या मळ्यातल्या घराच्या पडवीत एका लाकडी फळीवर तीन बारके दिवे बसवलेले होते: लाल, पिवळा आणि निळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की मला ते दिवाळीच्या माळेतले उरलेले वाटायचे. मोठा झाल्यावर कळलं की घरातली सगळ्यात कामाची वस्तू तीच होती. तिन्ही दिवे पेटले की थ्री फेज आली. मग रात्रीचे बारा असोत की दोन, मामा उठायचे, गमबूट चढवायचे, कानाला उपरणं गुंडाळायचे आणि एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन विहिरीकडे चालू लागायचे. काठी जमिनीवर आपटत जायचं, म्हणजे साप बाजूला होतो. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटार एकदा कण्हायची आणि थोड्या वेळाने पाइपाच्या तोंडून पाणी पाटात कोसळायचं. तिथून पहाटेपर्यंत दारं धरायची. एका सरीचं तोंड फावड्याने बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं, ती भरली की तिच्या पुढची.

हा मळा जुन्नर तालुक्यातला. ऊस आणि बिबट्या हे तिथलं जोडपीक. उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्लं घालते आणि त्याच फडाला रात्री पाणी द्यायला माणूस जातो. "आपल्यापेक्षा बिबट्यालाच लाईटचं टाइमटेबल चांगलं पाठ आहे," असं मामी म्हणायची. टाइमटेबल म्हणजे आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास वीज आणि बाकीचे दिवस रात्री. खेड्यात विजेला लाईटच म्हणतात, आणि "लाईट कधीची आहे?" हा प्रश्न "जेवलास का?" इतक्या सहज विचारला जातो.

शेतीला वीज रात्री का द्यायची? या प्रश्नाला मामांचं उत्तर एका शिवीत संपायचं. मला कितीतरी वर्षांनी समजलं की त्या शिवीचा बराचसा वाटा कोळशाच्या भट्टीला जायला हवा होता.

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी या केंद्रांत कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि भट्टीत फुंकतात. त्या आचेवर पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या दाबावर टर्बाइन फिरतं. हा संच एकदा थंड पडला की पुन्हा तापवून चालू करायला कित्येक तास जातात, वर महागडं तेल जाळावं लागतं ते वेगळं. म्हणून तो सहसा विझवत नाहीत. आच कमी करायची म्हटलं तरी साधारण निम्म्याच्या खाली नेणं अवघड जातं. इकडे रात्री अकरानंतर दुकानं मिटतात, कारखाने मंदावतात, घरं झोपतात. वीज काही कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी तयार झाली त्याच क्षणी कुणीतरी ती वापरली पाहिजे. भट्टी पेटती ठेवायची तर मध्यरात्री कुणीतरी जागं हवं. मग जागं कोण राहणार? ज्याला वीज नाममात्र दराने मिळायची, ज्याच्या मोटारीला बहुतेक वेळा मीटर नसतं किंवा असलं तरी चालत नसतं, आणि म्हणून ज्याला तक्रार करायला फारसं तोंड नाही, तो शेतकरी. मामांची रात्र म्हणजे कोळशाची सोय होती.

हिशेब छोटा आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट. ती आठ तास चालली की तीस युनिट होतात. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, त्यामुळे एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे मामांच्या उसाच्या एका पाळीला एका रात्रीत वीसेक किलो कोळसा जळायचा आणि त्याहून जास्त वजनाचा कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा. वजन वाढतं कसं, असा प्रश्न शाळकरी मुलंही विचारतात. कोळशातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, आणि तो कार्बनपेक्षा जड भरतो. राज्यात असे पंचेचाळीस लाखांच्या आसपास शेतीपंप आहेत. महावितरणच्या एकूण विक्रीतली जवळपास तीस टक्के वीज तेच घेतात.

कोळशाच्या विजेलाही पाणी लागतं, हे आपण विसरतो. 2015 च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. मराठवाड्यात विहिरी आटल्या म्हणून पिकं गेली आणि धरण आटलं म्हणून वीजकेंद्र थांबलं, तेही एकाच वर्षी.

रात्रीच्या विजेमागे आणखी एक भानगड आहे, पैशाची. सत्तरच्या दशकात शेतीपंपांचं मीटर वाचण्यापेक्षा हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी करणं सोपं, असं ठरलं. शेतात विखुरलेली लाखो मीटरं वाचायला माणसं लागणार, त्यांचा पगार वसुलीहून जास्त व्हायचा. पण ठोक दर ठरला की मोटार चार तास चालवा की चौदा, बिल तेवढंच. वर गंमत अशी की मीटर नसल्यामुळे शेती नेमकी किती वीज खाते हे कुणालाच ठाऊक नाही, आणि वाटेत गळलेली किंवा आकडे टाकून चोरलेली वीजही शेतीच्या नावावर खपवायची सोय झाली. 2004 साली राज्याने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली आणि वर्षभरातच ती मागे घेतली. मग थकबाकी वाढत गेली. 2020 साली कृषी वीजधोरण आलं तेव्हा ती 40 हजार कोटी रुपयांच्या पुढे होती. अखेर 2024 च्या जुलैत बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या 44 लाख शेतकऱ्यांचं बिल माफ, आणि त्यासाठी सरकार वर्षाला 14 हजार 760 कोटी रुपये भरणार. यातले सात हजार कोटींच्या आसपास रुपये सरकार आधीपासून सवलतीपोटी देतच होतं. शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी कारखान्यांकडून आणि दुकानदारांकडून जादा दर घेतला जातो, तो आणखी वेगळा. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. इचलकरंजीचा यंत्रमागवाला याबद्दल काय म्हणतो ते छापण्याजोगं नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण पुढच्या कथेचा सांधा तिच्यात आहे. 2003 च्या सुमारास गुजरातने ज्योतिग्राम योजनेत गावाच्या वस्तीची लाईन आणि शेतीची लाईन वेगळी केली. पाठोपाठ महाराष्ट्रानेही गावठाण फीडर, म्हणजे वस्तीच्या लाइनी, वेगळे करायला घेतले. त्याआधी शेतीची वीज तोडायची तर सगळं गाव अंधारात जायचं. लाइनी वेगळ्या झाल्यावर घरात चोवीस तास वीज आणि शेतीला ठरावीक आठ तास, हे शक्य झालं. शेतकऱ्यांना शेतीचा हा वेगळा फीडर म्हणजे वीज कापायची कात्रीच वाटली, आणि तशी ती होतीही. पण त्याच वेगळ्या फीडरमुळे वीस वर्षांनी दुसरंच काही करता आलं.

इकडे दिल्लीत 2008 साली हवामानबदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा निघाला. आठ मोहिमांचा तो जाडजूड कागद. त्यातली एक सौर मोहीम, ती 2010 मध्ये सुरू झाली. त्या वर्षीच्या पहिल्या निविदांत सौर विजेचा दर युनिटला अकरा-बारा रुपये निघाला होता. श्रीमंत देशांना परवडणारं खेळणं, असं तेव्हा जाणते म्हणत. 2017 च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भाडला इथल्या लिलावात तोच दर 2 रुपये 44 पैशांवर आला. सात वर्षांत पाचाचा एक. चीनमधल्या कारखान्यांनी पॅनेलचे ढीग लावले हे खरं, पण सरकारने पंचवीस वर्षांच्या खरेदीची हमी देऊन लिलाव लावले नसते तर ती स्वस्ताई आपल्या दारात इतक्या लवकर आली नसती. हवामानबदलावर सरकार काय करतं असं विचारलं की लोक परिषदांचे फोटो दाखवतात. मला त्या फोटोंपेक्षा निविदेतला तो आकडा जास्त बोलका वाटतो.

आता ऊन आणि ऊस यांची वेळ जुळवा. पंप दिवसा चालवला तर कुणाचं काही बिघडत नाही, उलट माणसाची झोप होते. सूर्यही दिवसाच वीज देतो. घराला संध्याकाळी दिवे लागतात, कारखान्याला रात्रपाळी असते, इस्पितळाला चोवीस तास वीज हवी. सगळ्या गिऱ्हाइकांत सूर्याच्या घड्याळावर बिनतक्रार चालेल असं एकच, आणि तेच आजवर रात्री उठवलं जात होतं.

पुण्यातल्या 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जा गटाने ही गोष्ट हेरून सौर फीडरची कल्पना आग्रहाने मांडली. कल्पना अगदी साधी आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर पॅनेल लावत बसू नका. ज्या सबस्टेशनवरून शेतीचा वेगळा फीडर निघतो, त्या सबस्टेशनच्या जवळ दोन-पाच-दहा मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करा आणि तिथल्या तिथे जोडा. शेतकऱ्याची मोटार तीच, तारा त्याच, डीपी तीच. दिवसा ऊन पडलं की वीज जवळच तयार होऊन जवळच संपते. चंद्रपूरहून जुन्नरपर्यंत येताना वाटेत गळणारी वीज वाचते. ढग आले तर त्याच तारांतून नेहमीची वीज येते. पावसाळ्यात मोटारी बंद असल्या तर सौर वीज वाया जात नाही, ती गावाकडे किंवा शहराकडे निघून जाते.

2017 च्या जूनमध्ये राज्याने यावर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथे पहिले प्रयोग ठरले. पुढची पाच वर्षं मात्र गाडी रडतखडत चालली. अडलं जमिनीपाशी. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, तेही सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत. आता आपल्याकडे कुठलाही सातबारा काढा, त्यावर पाच भावांची, दोन बहिणींची आणि एका दिवंगत आजोबांची नावं असतात. मुंबईतली कंपनी येऊन या सगळ्यांची सही गोळा करणार कशी? शिवाय एवढ्या-तेवढ्या प्रकल्पासाठी स्वस्त कर्ज मिळेना. 2019 साली केंद्राची कुसुम योजना आली, तिच्यातून खर्चाच्या तीस टक्के मदतीची वाट उघडली.

2023 च्या मे महिन्यात योजनेची दुसरी आवृत्ती निघाली आणि या वेळी सरकारने जमिनीचं झंझट स्वतःच्या अंगावर घेतलं. कुठल्या सबस्टेशनला किती वीज लागते, जवळ सरकारी जमीन कोणती, खासगी कोणती, हे आधी जुळवायचं आणि मग जिल्ह्याजिल्ह्याचे गट करून एकत्र निविदा काढायच्या. भाड्याने जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी 50 हजार, आणि दर वर्षी त्यात तीन टक्के वाढ. माळावरच्या बरड जमिनीत हुलगा-मटकी घेणाऱ्याला एकरी 50 हजार कधी सुटले आहेत? ग्रामपंचायतीलाही तीन वर्षांत पंधरा लाख मिळतात. 2024 च्या मार्चमध्ये नऊ हजार मेगावॅटच्या आसपासची कामं दिली गेली, दर निघाले युनिटला तीन रुपयांच्या आसपास. त्याच वर्षी सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला, तीन मेगावॅटचा पहिला प्रकल्प चालू झाला. पुढे उद्दिष्ट वाढवून सोळा हजार मेगावॅटवर नेलं.

शेतकऱ्यापर्यंत एक युनिट पोचवायला आठ रुपयांच्या आसपास खर्च येतो, असं सरकारच सांगत आलं आहे. त्यातला वीज विकत घेण्याचा भाग तीन रुपयांवर आला आणि वाटेतली गळतीही कमी झाली, तर मोफत विजेचं ओझं त्या मानाने हलकं होतं. या योजनेचं खरं इंधन ऊन नाही, अर्थखात्याची चिंता आहे. हवामानबदल हा शब्द शासननिर्णयात कुठेतरी असेल, पण तो नसता तरी योजना आली असती. मला यात काही वावगं वाटत नाही. पृथ्वी वाचवायची म्हणून कुणी सातबारे जुळवत बसत नाही, 14 हजार कोटी वाचवायचे म्हणून बसतं.

आणि वाचतं किती? एक मेगावॅटचा प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण सोळा लाख युनिट देतो. ग्रिडवरची एक युनिट वीज सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. गुणाकार केला तर एका मेगावॅटमागे वर्षाला अकराशे टन निघतात. हे धोंदलगावच्या तीन मेगावॅटला लावा, मग सोळा हजारांना लावून पाहा.

याच्याच शेजारी दुसरी योजना धावते आहे, ती पंपांची. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' हे नाव 'मागेल त्याला शेततळे'वरून आलं. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकीचं केंद्र आणि राज्य देतं. अडीच एकरांपर्यंत तीन हॉर्सपॉवर, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. इथे बांधावरच पॅनेल, तार कुठलीच नाही. 2025 च्या अखेरीस महाराष्ट्राने एका महिन्यात 45 हजारांहून जास्त पंप बसवल्याचा गिनीज विक्रम झाला, त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या.

मला या दोहोंत फीडर जास्त आवडतो, आणि कारण हिशेबाचं आहे. बांधावरचा पंप वर्षातले चार-पाच महिने मन लावून चालतो. पावसाळ्यात आणि पीक निघाल्यावर त्याचं पॅनेल ऊन खात नुसतं उभं असतं, कारण ती वीज न्यायला तारच नाही. फीडरचं पॅनेल वर्षभर कमावतं. शिवाय बांधावरचं पॅनेल पुसायचं शेतकऱ्याने, वादळात उडालं तर धावायचं त्याने, केबल चोरीला गेली तर पोलिस ठाण्यात बसायचं त्यानेच. सहाशे फुटांवर पाणी गेलेल्या बोअरवर तीन हॉर्सपॉवरचा पंप सकाळी नऊपर्यंत नुसता गुरगुरतो, हेही खरं. पण जिथे लाईन कधी पोचलीच नाही, जिथे शेतकरी पैसे भरून वर्षानुवर्षं जोडणीची वाट पाहत बसला (वीज कंपनीच्या भाषेत हा 'पेड पेंडिंग'), तिथे तो पंप देवासारखा आला. नंदुरबारच्या डोंगरात फीडरच्या गुणांवर व्याख्यान देऊन उपयोग नाही.

तक्रारीही आहेत, आणि त्या फुकाच्या नाहीत. सरकारी जमीन म्हणजे पुष्कळदा गायरान. कागदावर ती मोकळी दिसते, पण तिथे गावाची गुरं चरतात, मेंढपाळ थांबतात, भूमिहीन माणसाची शेळी जगते. गायरानाला कुंपण पडलं की एकरी 50 हजार भाडं त्या शेळीवाल्याला मिळत नाही, ते कुणालाच मिळत नाही, कारण जमीन सरकारची. काही गावांनी याला विरोध केला, तो मला रास्त वाटतो. पॅनेलखाली गवत वाढू देऊन मेंढ्या चारायची सोय करारातच घातली तर फार काही बिघडणार नाही.

आणि मग पाणी. इथे मात्र मी धास्तावतो. रात्रीच्या विजेचा एक आडवाटेचा गुण होता: माणूस कंटाळायचा. थंडीत दोन वाजता उठून उसाला पाणी द्यायचं म्हटलं की एखादी पाळी चुकायची, आणि तेवढं पाणी जमिनीत राहायचं. आता वीज दिवसा, फुकट आणि भरवशाची. उसाला पाणी कमी पडू द्यायचं कुठलंच कारण उरलं नाही. भूजलाचा राज्याचा कायदा 2009 चा आहे, पण बोअर किती खोल मारायची हे आजही गाडीवाला आणि शेतकरीच ठरवतात.

याला तोड गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, ढुंडी गावात काढून पाहिली गेली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेतले तुषार शाह यांचं म्हणणं असं, की शेतकऱ्याला विजेचं पीक घेऊ द्या. ढुंडीत सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, पंप ग्रिडला जोडले, आणि उरलेली वीज वीज कंपनी विकत घेऊ लागली. वीज विकून पैसे मिळायला लागले की माणूस मोटार चालू ठेवण्याआधी एकदा विचार करतो. पाणी उपसलं की विजेचं उत्पन्न बुडतं ना! फीडरच्या योजनेत हा लगाम नाही. ऊन पैसे कमावतं, पण ते प्रकल्पवाल्याच्या खात्यात जातात. शेतकऱ्याला वीज फुकटच. कमी वीज वापरणाऱ्या शेतकऱ्याला वर्षअखेरीस काही रक्कम परत देता येईल, त्यासाठी निदान डीपीवर तरी चालू मीटर हवं. पण मीटर हा शब्द काढला की सभेतून माणसं उठून जातात, आणि पुढारी त्यांच्याही आधी.

देशाच्या पातळीवरचे आकडेही इथेच समजून घ्यायला बरे. पॅरिस करारात भारताने 2030 पर्यंत वीजनिर्मितीच्या क्षमतेतला चाळीस टक्के वाटा कोळसा-गॅसवाचून असेल असं म्हटलं होतं, 2022 मध्ये तो वाढवून पन्नास टक्के केला, आणि 2025 च्या जूनपर्यंत गाठलाही. बातमी खरी आहे, पण तिच्यातला क्षमता हा शब्द जपून वाचावा. सौर प्रकल्पाची क्षमता एक मेगावॅट असली तरी रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ धरून सरासरी ती एक पंचमांशच चालते. म्हणून क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे. घरात दहा जोडे कपडे असले तरी अंगावर एकच चढतो, तसं.

दुपारी आता देशात वीज उतू जाते. 2023 मध्ये केंद्राने नियमच केला, की उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग ठेवायची. मागणीतल्या ज्या दरीत पूर्वी शेतकऱ्याची रात्र भरली जायची ती दरी आता उलटी होऊन दुपारी आली आहे, आणि शेतीपंप पुन्हा एकदा ती भरायच्या कामी येतोय. फरक एवढाच की या वेळी त्याचीही सोय आहे. मात्र सहा वाजता सूर्य कलतो आणि नेमके तेव्हाच सगळ्या घरांत दिवे, टीव्ही, एसी, गिरणी चालू होतात. त्या तीन-चार तासांसाठी भट्ट्या दिवसभर मंद आचेवर जाग्या ठेवाव्या लागतात. त्या विझवायच्या तर दुपारची वीज साठवली पाहिजे. नगर-ठाणे हद्दीवर घाटघरला 2008 पासून अडीचशे मेगावॅटची व्यवस्था आहे: वीज जास्त असली की खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, कमी पडली की ते खाली सोडून वीज घ्यायची. सह्याद्रीला उंची आहे, पाऊस आहे. अशी आणखी ठिकाणं आता शोधली जात आहेत आणि बॅटऱ्यांचे दरही उतरत आहेत. तोवर संध्याकाळ कोळशाची.

मागच्या माघात मळ्यावर गेलो होतो. मामांचा फीडर आता दिवसाचा झाला आहे, सकाळी आठच्या पुढे लाईट येते. येते तेव्हा शिवारातल्या सगळ्या मोटारींचे ऑटो स्टार्टर एकदम लागतात, व्होल्टेज धाडकन खाली बसतं आणि डीपीचा फ्यूज उडतो, ते काही बदललेलं नाही. ऑटो लावू नका, कॅपॅसिटर लावा, असं वायरमन पोटतिडकीने सांगून जातो. सगळे माना डोलावतात. मामा म्हणाले, "आता विहीर चार वाजताच तळाला जाते. पूर्वी अर्धं शिवार झोपायचं, आता सगळेच एका टायमाला पाणी ओढतात." मग थांबून म्हणाले, "पण झोप लागते रे रात्री."

बोलता बोलता पाण्याचा आवाज थांबल्यासारखा वाटला म्हणून ते पडवीत गेले. फळी अजून तिथेच आहे, दिवेही तेच. पण भर दुपारी अंगणातलं ऊन थेट पडवीत शिरतं आणि दिवे पेटलेत की विझलेत हे काही केल्या दिसत नाही. मामांनी दोन्ही हातांची ओंजळ करून लाल दिव्यावर धरली, एक डोळा मिटून आत पाहिलं, मग पिवळ्यावर, मग निळ्यावर.

"आहे," म्हणाले, "फडात बारकीच सरी तुंबली असंल," आणि फावडं घेऊन अनवाणीच निघाले.